२३ फॉर्म भरले, एकाही ठिकाणाहून बोलावणं नाही. माझं काय चुकतंय?

कोरी पाटी

नमस्कार मंडळी. बरेच दिवस इथे नुसतं वाचतेय, धागा पहिल्यांदाच काढतेय.

गेल्या पाच महिन्यांत मी २३ नोकऱ्यांसाठी ऑनलाइन फॉर्म भरले. दोन ठिकाणांहून 'आपली निवड झाली नाही' एवढाच ईमेल आला. बाकीच्या २१ जणांनी तेवढंही कळवलं नाही. मुलाखत घेऊन नाकारलं असतं तर कुठे कमी पडले ते तरी कळलं असतं. इथे दारातूनच परत.

थोडी माझी माहिती देते. एका रुग्णालयाच्या औषध भांडारात सहा वर्षं होते. माल उतरवून घेण्यापासून वॉर्डात औषधं पोचवण्यापर्यंत सगळं केलंय. मग वडिलांचं आजारपण निघालं, बघायला दुसरं कुणी नव्हतं, म्हणून नोकरी सोडली. १४ महिने त्यांच्याजवळ होते. आता ते त्यांचं त्यांचं करू शकतात, म्हणून पुन्हा कामाला लागायचं ठरवलंय. अर्ज करते ते भांडार सहायक, स्टोअरकीपर अशाच जागांसाठी. भलतीकडे उडी मारत नाहीये.

रेझ्युमे चांगला झालाय असं दोघातिघांनी सांगितलं. फॉर्ममध्ये पुन्हा तेच विचारतात, म्हणून बऱ्याच चौकटींत मी 'रेझ्युमे पाहावा' असं लिहिते. 'या पदासाठी तुम्ही योग्य का आहात' अशी एक मोठी चौकट बहुतेक ठिकाणी असते. तिथे हे लिहिते:

"औषध साठा व्यवस्थापनाचा सहा वर्षांचा अनुभव. सर्व जबाबदाऱ्या यशस्वीरीत्या पार पाडल्या. मेहनती, प्रामाणिक व वक्तशीर. सांघिक कामाची आवड. नवीन शिकण्याची तयारी."

यात काय चुकलं ते मला खरंच दिसत नाही. आणि १४ महिन्यांचा खंड व अपेक्षित पगार या दोन चौकटींपाशी आलं की हातच थांबतो.

चाकोरी

खचू नका, मी साठ फॉर्मपर्यंत गेलो होतो तेव्हा कुठे काम झालं.

हल्ली फॉर्म माणूस वाचत नाही, सॉफ्टवेअर वाचतं. जाहिरातीतले शब्द उचला आणि जितक्या वेळा घालता येतील तितक्या वेळा फॉर्ममध्ये घाला. माझ्या एका मित्राने रेझ्युमेच्या तळाशी अख्खी जाहिरात पांढऱ्या अक्षरांत चिकटवली होती. डोळ्यांना दिसत नाही, पण सॉफ्टवेअरला सापडते.

टेबलापलीकडून

कोरी पाटी, तुमचा फॉर्म माझ्या टेबलावर आला असता तर मीही तो बाजूला ठेवला असता. आणि तुम्ही इथे जे लिहिलंय ते वाचल्यावर मला त्याचं फार वाईट वाटलं असतं. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

मी १७ वर्षं अर्जांची छाननी केली. आधी कागदावरचे गठ्ठे, नंतर पडद्यावर. छाननी करणारीच्या समोर एक तक्ता असतो. जाहिरातीतल्या प्रत्येक अटीचा त्यात एक रकाना. अत्यावश्यक अटी आधी, इष्ट अटी नंतर. एकेक अर्ज घ्यायचा आणि रकान्यारकान्यात गुण भरत जायचं. आमच्याकडे दोघी वेगवेगळ्या बसून गुण द्यायच्या आणि मग ताडून बघायच्या. जे अर्जात लिहिलेलं नाही त्याचे गुण देता येत नाहीत. 'सहा वर्षं भांडारात होती म्हणजे हे येतच असणार' असं मनात येतं, कितीदा तरी आलंय, पण तरी देता येत नाहीत. एकीच्या बाबतीत अंदाज केला की बाकी सगळ्यांच्या बाबतीत करावा लागतो.

आता 'रेझ्युमे पाहावा'. त्या चौकटीला शून्य मिळतं. कित्येक ठिकाणी छाननीच्या वेळी रेझ्युमे उघडतच नाहीत. काही ठिकाणी तो छाननी करणाऱ्यांना मुद्दाम दाखवतही नाहीत, सगळ्यांना एकाच मापाने मोजता यावं म्हणून. त्यामुळे तेच तेच वाटलं तरी प्रत्येक चौकट स्वतःच्या पायावर उभी राहील अशी भरायची. एखादा प्रश्न तुम्हाला लागूच नसेल तर 'लागू नाही' असं लिहा. चौकट कोरी दिसली की विसरलात की टाळलंत ते कळत नाही.

तुमच्या मोठ्या चौकटीतला मजकूर मी दोनदा वाचला. 'सर्व जबाबदाऱ्या यशस्वीरीत्या पार पाडल्या' हे वाक्य परिचारिकेच्या, वाहनचालकाच्या, लेखापालाच्या, कुणाच्याही अर्जात जसंच्या तसं बसतं. 'प्रामाणिक' या शब्दासाठी माझ्या तक्त्यात कधीच रकाना नव्हता. तुमच्या पाच वाक्यांपैकी 'सहा वर्षांचा अनुभव' एवढ्यालाच मला खूण करता आली असती. त्या सहा वर्षांत तुम्ही रोज सकाळी गेल्यावर काय करत होता, हे मला अजून माहीत नाही.

चाकोरी, तुमच्या मित्राच्या त्या पांढऱ्या अक्षरांबद्दल. सॉफ्टवेअर फाइलमधला मजकूर बाहेर काढून दाखवतं तेव्हा त्याचा रंग सोबत येत नाही. अशी पानं माझ्यासमोर आली आहेत. साधी काळी अक्षरं, आणि तळाशी आमचीच जाहिरात. त्यानंतर त्या अर्जातल्या खऱ्या वाक्यांवरही विश्वास बसेना. आपोआप बाद होणं असतं ते बहुतेक करून हो-नाही प्रश्नांवर: किमान तीन वर्षांचा अनुभव आहे का, शिफ्टमध्ये काम चालेल का, अमुक परवाना आहे का. लोक नेमके तेच प्रश्न घाईघाईने टिकटिक करत पुढे जातात आणि मोठ्या चौकटीवर तासभर घालवतात. तुमचं एक म्हणणं मात्र बरोबर आहे, शब्द जाहिरातीतलेच वापरावेत. ते 'साठा पडताळणी' म्हणत असतील आणि तुम्ही 'स्टॉक मोजणं' म्हणत असाल, तर त्यांचा शब्द घ्या. पण एकदाच, आणि जिथे तो खरा आहे तिथेच.

खंडाबद्दल. तारखा ओढूनताणून तो झाकू नका, एवढं कळकळीने सांगते. एका मुलीचा अर्ज आजही डोळ्यांसमोर आहे. सुंदर अर्ज, मुलाखतही उत्तम झाली, निवड झाली. तिने आधीच्या नोकरीची शेवटची तारीख आठ महिने पुढे ढकलून लिहिली होती. पडताळणीत अनुभव प्रमाणपत्रावरची तारीख वेगळी निघाली आणि नेमणूक रद्द करावी लागली, कारण फॉर्मच्या शेवटी 'वरील माहिती खरी आहे' या ओळीखाली तिची सही होती. त्या आठ महिन्यांबद्दल आमच्यापैकी कुणी तिला एक प्रश्नही विचारला नसता.

तुमच्यासाठी दोन वाक्यं पुरेत: "या काळात वडिलांच्या आजारपणात पूर्ण वेळ देखभाल केली. आता त्यांची प्रकृती स्थिर असून मी पूर्ण वेळ कामासाठी उपलब्ध आहे." महिना-वर्षासह तारखा द्या. आजाराचं नाव नको, उपचार नकोत, माफी तर नकोच नको.

पगाराच्या चौकटीत आधी बारीक अक्षरं वाचा. महिन्याचा विचारलाय की वर्षाचा? एकूण की हातात येणारा? जाहिरातीत पगाराची श्रेणी दिली असेल तर त्यातलाच आकडा लिहा. शब्द चालत असतील तर 'पदाच्या श्रेणीनुसार' म्हणता येतं. ० किंवा १ टाकून पुढे सरकू नका, तो आकडा तसाच तक्त्यात येऊन बसतो.

आता माझं एक काम करा. भांडारात किती प्रकारची औषधं होती? किती वॉर्ड? फ्रिज कोण बघायचं? मुदत संपलेल्या औषधांचं काय करायचात? आणि तुम्ही होता म्हणून तिथे बदलली अशी एखादी गोष्ट. फॉर्मची भाषा नको. मला समोर बसवून सांगताय असं लिहा.

अर्धविराम

टेबलापलीकडून यांना अनुमोदन. मी फक्त यंत्राच्या बाजूचं सांगतो, कारण तिथे माझे हात पोळलेत. एका फॉर्ममध्ये थेट टाइप करत पाऊण तास बसलो, 'पुढे' दाबलं आणि पान म्हणालं पुन्हा लॉगिन करा. सगळं गेलं. तेव्हापासून मोठी उत्तरं आधी साध्या टेक्स्ट फाइलमध्ये लिहितो आणि मग चिकटवतो. वर्डमधून चिकटवलं तर कधीकधी अवतरणचिन्हांच्या आणि बुलेटच्या जागी चौकोन उमटतात.

चिकटवल्यावर शेवटची ओळ नक्की बघा. ५०० अक्षरांची मर्यादा असेल आणि तुमचा मजकूर ५४० असेल, तर काही फॉर्म काही न सांगता पुढचं कापून टाकतात. फॉर्म मराठीत भरत असाल तर आणखी एक गोम आहे. युनिकोडमध्ये (संगणकावर अक्षरं साठवायच्या प्रमाण पद्धतीत) काना-मात्रा-वेलांटी स्वतंत्र मोजली जाते. 'जबाबदारी' हा शब्द आपल्या लेखी पाच अक्षरांचा, पण बहुतेक फॉर्म त्याचे आठ धरतात. 'क्षि' हे एकच अक्षर चार म्हणून मोजलं जातं (क, हलन्त, ष आणि वेलांटी). त्यामुळे हाताने मोजून '४०० झाली, अजून जागा आहे' असं समजू नका.

तारखांचंही बघा. ०३/०४ म्हणजे आपल्यासाठी ३ एप्रिल, अमेरिकी पद्धतीच्या फॉर्मला ४ मार्च. चौकटीत दिलेला नमुना बघून भरा, आणि जिथे महिना शब्दात लिहिता येतो तिथे शब्दातच लिहा. प्रमाणपत्राचा फोटो काढून पीडीएफ केली तर ती चित्रच राहते, त्यातला मजकूर शोधात सापडेलच असं नाही. रेझ्युमे तरी नेहमी टाइप केलेल्या फाइलमधूनच पीडीएफ करा. आणि सबमिट करण्याआधी प्रीव्ह्यूची प्रत ठेवा. दीड महिन्याने फोन आला की आपण काय लिहिलं होतं ते आठवत नाही.

कोरी पाटी

तुम्हा सगळ्यांचे आभार. टेबलापलीकडून, तुम्ही म्हणालात तसं बोलल्यासारखं लिहिते.

औषधांचे साधारण ६४० प्रकार होते. ११ वॉर्ड आणि शस्त्रक्रिया विभाग. भांडारात आम्ही तिघं. सकाळी गेल्यावर पहिलं काम फ्रिजचं तापमान नोंदवायचं, संध्याकाळी निघताना परत एकदा. इन्सुलिन आणि लशी २ ते ८ अंशांतच राहायला हव्यात, त्याबाहेर काटा गेला की धावपळ. एकदा रात्री वीज गेली होती आणि सकाळी काटा ११ वर होता. मी सगळं बाहेर काढून दुसऱ्या चालू फ्रिजमध्ये वेगळ्या कप्प्यात ठेवलं, 'वापरू नये' अशी चिठ्ठी लावली आणि औषधनिर्मात्यांना (फार्मासिस्टना) फोन केला. टाकून द्यायचं की वापरायचं हे मी ठरवायचं नव्हतं. त्यांचा निरोप येईपर्यंत एकही कुपी बाहेर जाऊ दिली नाही. एका वॉर्डातून फार घाई चालली होती, तरी नाही दिली.

मुदतीचं म्हणाल तर मी लागले तेव्हा महिन्याला मुदत संपलेल्या औषधांचं एक मोठं खोकं भरायचं. मला ते बघवायचं नाही. मग मी तीन महिन्यांच्या आत मुदत संपणाऱ्या प्रत्येक खोक्यावर लाल चिकटपट्टी लावायला लागले आणि ती खोकी पुढच्या फळीवर आणली. ज्या वॉर्डात ते औषध जास्त लागतं तिथे फोन करून सांगायचे, आधी हे घ्या. नोंदवही माझ्याच अक्षरात होती, म्हणून आकडे लक्षात आहेत. आधी महिन्याला ४० च्या आसपास प्रकार बाद व्हायचे, वर्षभराने सातवर आले.

पण हे फॉर्ममध्ये लिहायचं असतं का? हे तर रोजचंच काम होतं.

टेबलापलीकडून

हेच लिहायचं असतं! तुमचा प्रतिसाद वाचताना मी मनातल्या मनात रकान्यांत खुणा करत होते. शीतसाठवण, नोंदी, मुदत नियंत्रण, वॉर्डांशी समन्वय, आणि अधिकार कुठे संपतो याची जाण. ही शेवटची गोष्ट शिकवून येत नाही हो. कुपी रोखून धरलीत तो प्रसंग वाचून मी खुर्चीत सरसावून बसले.

तुमचेच शब्द घेऊन ती चौकट अशी भरून बघितली:

"रुग्णालयाच्या औषध भांडारात ६ वर्षं. सुमारे ६४० प्रकारच्या औषधांचा साठा, ११ वॉर्ड व शस्त्रक्रिया विभागाला रोजचा पुरवठा. शीतसाठवण: फ्रिजचं तापमान (२ ते ८ अंश सेल्सिअस) दिवसातून दोनदा नोंदवत असे. रात्री वीज गेल्याने तापमान ११ अंशांवर गेलं तेव्हा इन्सुलिन व लशी चालू फ्रिजमध्ये वेगळ्या ठेवून 'वापरू नये' अशी खूण केली आणि औषधनिर्मात्यांचा निर्णय येईपर्यंत वितरण थांबवलं. मुदत नियंत्रण: ३ महिन्यांत मुदत संपणाऱ्या खोक्यांवर लाल चिकटपट्टी लावून ती आधी वापरात आणण्याची पद्धत सुरू केली. दरमहा बाद होणारे सुमारे ४० प्रकार वर्षभरात ७ वर आले."

यात स्वतःला लावलेलं एकही विशेषण नाही, ते बघा. मेहनती, प्रामाणिक, वक्तशीर हे वाचणारी स्वतःच म्हणेल. परिस्थिती काय होती, तुमचं काम काय होतं, तुम्ही काय केलंत आणि त्यातून काय झालं, असा क्रम लावायचा. या चार पायऱ्यांच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून याला स्टार पद्धत म्हणतात. लोक पहिल्या दोन पायऱ्यांवर चौकट संपवतात आणि शेवटच्या दोन लिहायला जागा उरत नाही. गुण तर तिथेच असतात. 'मुदत आधी संपेल ते आधी बाहेर' या तुमच्या पद्धतीला भांडाराच्या भाषेत एफईएफओ म्हणतात. जाहिरातीत तो शब्द असेल तर तोच लिहा.

दुसरं, जागेप्रमाणे क्रम बदला. प्रयोगशाळेची जाहिरात असेल आणि पहिली अट शीतसाठवणीची असेल तर फ्रिज आधी. मोठ्या गोदामाची असेल तर लाल चिकटपट्टी आधी. लिओनार्डो दा विंचीने १४८२ च्या सुमारास मिलानचा सत्ताधीश लुडोव्हिको स्फोर्झा याच्याकडे काम मागण्यासाठी लिहिलेल्या पत्राचा मसुदा आज उपलब्ध आहे. त्यात आधी हलके पूल, वेढ्याची साधनं, तोफा, आणि आपण चित्रंही काढतो हे अगदी शेवटी. मिलानच्या राजकर्त्याला तेव्हा काय हवं असेल ते ओळखून त्याने यादी लावली होती.

आणि ४० व ७ हे आकडे मुलाखतीत विचारले तर तुम्हाला सांगता येतात, म्हणून लिहिले. सांगता येणार नाहीत असे आकडे कधीच घालू नका.

चाकोरी

ते पांढऱ्या अक्षरांचं मी मागे घेतो. मित्रालाही कळवलं.

एक विचारू का? सरळ चॅटजीपीटीला जाहिरात देऊन ही चौकट भरून घेतली तर? मी हल्ली तेच करतोय.

टेबलापलीकडून

शुद्धलेखन तपासायला, लांबलेलं वाक्य आखूड करायला जरूर घ्या. पण त्याला फ्रिजचा काटा ११ वर गेलेला माहीत नाही. नुसती जाहिरात दिलीत तर ते जाहिरातच उलट करून तुमच्या हातात देईल, आणि त्याच जाहिरातीसाठी त्याला विचारणाऱ्या बाकीच्यांनाही जवळपास तेच देईल. शेवटच्या दोन वर्षांत माझ्याकडे एकाच वळणाचे अर्ज लागोपाठ यायचे. त्यात कुणाचं खोटं होतं असं नाही, पण कुणाला पुढे घ्यावं ते ठरवता येत नसे. आधी कोरी पाटी यांनी लिहिलं तसं स्वतःचं कच्चं लिहा, आणि मग मदत घ्या.

कोरी पाटी

चोविसावा फॉर्म समोर उघडून बसलेय. एका प्रयोगशाळेच्या भांडारासाठी आहे, म्हणून फ्रिज आधी घेतला. हो-नाही प्रश्न दोनदा वाचले. त्यात 'सुट्टीच्या दिवशी आळीपाळीने काम चालेल का' असं होतं, आणि मागच्या काही फॉर्मांत मी तिथे सवयीने 'नाही' केलं होतं की काय, ही शंका आता मला खातेय.

शेवटी दोन संदर्भ व्यक्तींची नावं मागितली आहेत. आधीच्या भांडारप्रमुखांचं नाव दिलं तर चालेल ना? बोलून दीड वर्ष झालं.

टेबलापलीकडून

चालेल, तेच योग्य. पण नाव लिहिण्याआधी फोन करा. न सांगता नाव दिलं की पलीकडचा माणूस गोंधळतो, 'हो, होत्या बहुतेक' असं काहीतरी बोलतो, आणि ते तसंच टिपलं जातं. त्यांना जाहिरात पाठवा, तुम्ही चौकटीत काय लिहिलंय तेही पाठवा. क्रमांक आणि ईमेल अजून तेच आहेत का ते विचारून घ्या.

कोरी पाटी

आत्ताच बोलले त्यांच्याशी. मी उगाच घाबरत होते. वडिलांची चौकशी केली, संदर्भ देतो म्हणाले, ईमेल बदललाय तो नवा दिला. मी चौकटीतला मजकूर वाचून दाखवला तर म्हणाले, आकडे बरोबर आहेत, आणि लाल चिकटपट्टी तिथे अजून लावतात.

फॉर्म पाठवला. प्रीव्ह्यूची प्रत ठेवली आहे, पोचपावतीचा क्रमांक वहीत लिहिलाय. काही कळलं की इथेच सांगेन.